दाढ काढल्यानंतरचा आहार: इंदूरच्या मराठी घरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

अक्कलदाढ काढून घरी पाठवताना दंतवैद्य जी चिठ्ठी देतात, तिच्यावर औषधांच्या खाली बहुधा ‘मऊ आहार घ्यावा’ एवढीच एक ओळ असते. ही ओळ वाचून आपल्याकडे साबुदाण्याची खिचडी, पोहे, रव्याचा उपमा असे पदार्थ लगेच सुचवले जातात. ते तिन्ही मऊ आहेत आणि पहिल्या आठवड्यात तिन्ही टाळावेत असे आहेत. माझी खालची आडवी दाढ हाड कोरून काढावी लागली होती आणि पुढे वडिलांच्या कवळीसाठी त्यांच्या दाढा काढल्या तेव्हा त्यांचे जेवण मीच सांभाळले. त्यातून जे हाती लागले ते इथे क्रमाने मांडत आहे. तुमच्या दंतवैद्यांनी याहून वेगळे काही सांगितले असेल, तर अर्थातच त्यांचे ऐकावे.

आधी थोडे कारण समजून घ्या, म्हणजे पुढचे नियम पाठ करावे लागणार नाहीत. दाढ निघाली की जबड्याच्या हाडात खड्डा राहतो आणि त्यात रक्त साकळून गुठळी तयार होते. ही गुठळीच त्या जखमेची मलमपट्टी असते. ती वेळेआधी निघून गेली किंवा विरघळली, तर खालचे हाड उघडे पडते आणि कानापर्यंत जाणारी तीव्र कळ सुरू होते. याला दंतवैद्य ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. वरच्या दाढांपेक्षा खालच्या अक्कलदाढांमध्ये हा त्रास अधिक होतो. म्हणून पदार्थ निवडताना तो चावावा लागतो का एवढेच न पाहता, तो गरम आहे का, त्याचे कण सुटतात का, तो झोंबतो का आणि तो ओढून प्यावा लागतो का, हेही पाहावे.

१. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी तयारी करा

सोबत नेण्याच्या कागदपत्रांत दाढेचा एक्स-रे, सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे त्याची नोंद आणि मधुमेह असल्यास रक्तातील साखरेचा अलीकडचा रिपोर्ट असावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिलेली औषधे चालू असतील, तर ते दाढ काढण्याची तारीख ठरवतानाच सांगावे. त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

स्वयंपाकघरात पुढील वस्तू हाताशी ठेवा:

- मिक्सर आणि बारीक जाळीची गाळणी
- पुरणयंत्र, कारण भात व भाज्या एकजीव करण्यास ते मिक्सरहून सोयीचे पडते
- लहान बाळाला भरवण्याचा चमचा
- फ्रीजमध्ये बर्फ आणि तो गुंडाळण्यासाठी स्वच्छ पंचा
- उकळून गार केलेले पाणी आणि मीठ

बाळाचा चमचा वाचून हसू येईल. शस्त्रक्रियेनंतर जबड्याचे स्नायू आखडतात आणि काही दिवस तोंड जेमतेम बोटभर उघडते. नेहमीचा जेवणाचा चमचा दातांवर आपटतो आणि निम्मे वरण हनुवटीवर येते. लहान, उथळ चमचा मात्र न दुखलेल्या बाजूने गालाच्या आत सहज सरकतो.

शस्त्रक्रिया फक्त जागा बधिर करून होणार असेल, तर बहुतेक दंतवैद्य आधी हलके खाऊन येण्यास सांगतात. पूर्ण भूल किंवा शिरेतून गुंगीचे औषध देणार असतील तर उपाशी यावे लागते. हा प्रश्न आदल्या दिवशीच फोनवर विचारून घ्या. तारीख ठरवताना कॅलेंडरही पाहावे. रंगपंचमीच्या गेरच्या (रंगांच्या मिरवणुकीच्या) तोंडावर किंवा घरच्या गणपतीच्या दिवसांत दाढ काढून बसणे म्हणजे पहिल्यात गर्दीचा धक्का आणि दुसऱ्यात मोदकांचा मोह, दोन्ही ओढवून घेणे होय.

२. बधिरपणा उतरेपर्यंत काही खाऊ नका

जखमेवर ठेवलेली गॉजची घडी साधारण अर्धा ते एक तास घट्ट दाबून धरावी लागते. त्या वेळात थुंकू नये, बोलू नये आणि घडी सारखी काढून पाहू नये. ओठ व जीभ काही तास बधिर राहतात. या अवस्थेत चहा घेतला तर ओठ भाजल्याचे कळत नाही आणि काही चावायला गेल्यास गाल किंवा जीभच दाताखाली येते. लहान मुलांवर या वेळी विशेष लक्ष ठेवावे, कारण ती बधिर ओठ चावत बसतात.

वेदनाशामक गोळी बहुधा काही खाल्ल्यावर घ्यायची असते आणि इथे नवख्या माणसाची पंचाईत होते: बधिरपणा उतरला की कळ सुरू होते, पण पोटात काही नसते. त्यासाठी गार दूध किंवा गार केलेली साबुदाण्याच्या पिठाची खीर तयारच ठेवावी आणि ओठांना संवेदना परत येऊ लागताच चार-सहा चमचे घेऊन गोळी घ्यावी.

३. पहिले २४ तास: गार, पातळ आणि गाळलेले

या दिवशी स्ट्रॉ पूर्ण वर्ज्य आहे. स्ट्रॉने पिताना तोंडात ओढ निर्माण होते आणि ती गुठळीला जाचक ठरते. बाटलीच्या अरुंद तोंडातून चोखून पिणे, आंब्याची कोय चोखणे, कुल्फी चोखणे हेही त्यातच आले. पेल्याने हळूहळू प्यावे किंवा चमच्याने घ्यावे.

चालणारे पदार्थ असे: गार दूध, ताजे गोड दही घुसळून, पातळ ताक, मुगाचे कढण गाळून गार केलेले, तांदळाची पेज गाळून, चारोळ्या किंवा सुकामेव्याचे तुकडे नसलेले श्रीखंड आणि साधे व्हॅनिला आईस्क्रीम कपातून. उन्हाळा असेल तर आमरस गाळून चालतो, मात्र आंबा आंबट नसावा. नाचणीचे सत्त्व दुधात शिजवून पूर्ण गार केल्यास पोटाला आधार होतो आणि त्यात कणही राहत नाहीत.

मुगाच्या कढणाची रीत सांगतो, कारण पहिल्या दोन दिवसांत त्याच्याइतके कामाचे दुसरे काही नाही. अर्धी वाटी मुगाची डाळ चार वाट्या पाण्यात हिंग, मीठ व चिमूटभर हळद घालून कुकरमध्ये अगदी गळेपर्यंत शिजवावी, रवीने घुसळावी आणि गाळणीवर चमचा फिरवत गाळावी. वर चमचाभर पातळ तूप घालावे. मोहरीची फोडणी देऊ नये. जिऱ्याचा वास हवाच असेल तर तुपात जिरे तडतडू द्यावे आणि ते तूप गाळून वापरावे.

‘दूध, दही आणि भात खाल्ल्याने जखमेत पू होतो’ असे घरातील वडीलधारी मंडळी हमखास सांगतात. त्यांची काळजी खरी असते, पण दूध-दह्याने पू होत नाही. भाताची अडचण वेगळी आहे: त्याची शिते खड्ड्यात जाऊन बसतात. ती एकजीव केली की भातही चालतो. हळदीचे दूध कोमट करून प्यायला हरकत नाही. जखमेत हळद भरणे किंवा लवंगेचे तेल लावणे मात्र करू नये, कारण तेलाने कच्ची जखम पोळते.

४. दुसरा आणि तिसरा दिवस: कोमट, दाट आणि पोटभर

सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते. आरशात पाहून घाबरू नका. ‘काही खाववत नाही’ अशी तक्रार याच दिवसांत सुरू होते आणि माणूस चहा-दुधावर राहू लागतो. अशक्तपणा, चक्कर, बद्धकोष्ठ आणि रिकाम्या पोटी गोळ्यांनी होणारी जळजळ हे सगळे त्यातूनच येते. म्हणून या दिवसांत दर दोन-अडीच तासांनी वाटीभर काहीतरी घ्यावे.

या टप्प्यावर एक सोपी परीक्षा उपयोगी पडते. पदार्थाचा घास जिभेने टाळूवर दाबावा. न चावता तो पूर्ण विरून गेला आणि जिभेला एकही कण लागला नाही तर तो पदार्थ चालेल. कण लागला तर तो परत मिक्सरमध्ये घालावा.

गुरगुट्या भात या परीक्षेत सहज उतरतो, पण तो नेहमीपेक्षा अधिक शिजवावा लागतो. अर्धी वाटी जुना तांदूळ आणि पाव वाटी मुगाची डाळ सहा वाट्या पाण्यात पाच-सहा शिट्ट्या देऊन शिजवा, गरम असतानाच पुरणयंत्रातून काढा, वर तूप व मीठ घाला आणि कोमट होईपर्यंत थांबा. हाताच्या पाठीवर थेंब टाकून तापमान पाहावे. तिसऱ्या दिवसापासून त्यात चिमूटभर मेतकूट चालते. ते वस्त्रगाळ असावे, जाडसर दळलेले नको.

याखेरीज तांदळाच्या पिठीची उकड मिरची व मोहरी वगळून, दुधी भोपळ्याचे किंवा लाल भोपळ्याचे गाळलेले सूप, उकडलेला बटाटा दूध-लोणी घालून पुरणयंत्रातून काढलेला, पिकलेल्या केळ्याची शिकरण आणि गव्हाच्या पिठाची तुपात भाजलेली पातळ लापशी हे पदार्थ आलटून-पालटून द्यावेत. अंडे चालत असेल तर दुधात फेटून मंद आचेवर ढवळत शिजवलेले मऊ अंडे उत्तम. उपवास मोडायचा नसेल त्यांनी शिंगाड्याच्या पिठाची खीर घ्यावी. भगर आणि राजगिऱ्याचे दाणे दोन्ही बारीक असल्यामुळे नेमके खड्ड्यात अडकतात.

टोमॅटोचे सार, लिंबू सरबत आणि चिंचेचे काहीही अजून नको. ते झोंबते. आमसुलाचे सार आवडत असले तरी आठवडाभर थांबावे.

५. प्रथिनांचा हिशेब ठेवा

जखम भरून येण्यासाठी प्रथिने लागतात आणि मऊ आहारात नेमकी तीच कमी पडतात, कारण पेज, खीर आणि आईस्क्रीम यांनी पोट भरले तरी त्यांत मुख्यतः पिष्ट व साखर असते. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम.

हे ५० ग्रॅम न चावता कसे मिळवायचे? दिवसभरात ६०० मिलिलिटर दुधातून सुमारे १९ ग्रॅम, ६० ग्रॅम कोरड्या मुगाच्या डाळीतून सुमारे १४ ग्रॅम आणि २०० ग्रॅम दह्यातून सुमारे ७ ग्रॅम मिळतात. उरलेले १०-१२ ग्रॅम दोन अंड्यांतून किंवा ६० ग्रॅम ताज्या पनीरमधून येतात. पनीर दुधात घालून मिक्सरमधून अगदी गुळगुळीत काढावे आणि थोडी साखर व वेलचीपूड घालावी. रोगी कुरकूर न करता खातो. डाळ मात्र गाळताना चोथ्यासकट फेकू नये. पहिला दिवस सोडला तर ती गाळण्याऐवजी बारीक वाटूनच द्यावी, नाहीतर प्रथिनांचा मोठा भाग गाळणीतच राहतो.

मधुमेह असलेल्यांनी या हिशेबात खीर, शिकरण आणि आईस्क्रीम यांच्या जागी कढण, ताक, अंडे, पनीर आणि भाज्यांचे सूप घ्यावे आणि साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी. जेवण कमी झाले असताना गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा तीच ठेवायची का, हे आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

६. चौथ्या दिवसापासून हळूहळू वर या

कळ आणि सूज उतरू लागली की चवथ्या-पाचव्या दिवशी मऊ शिजवलेला भात-वरण कुस्करून, दुधात तासभर भिजवलेली पोळी, साल व बिया काढलेल्या दोडक्याची किंवा दुधीची गळलेली भाजी, वाफवलेली मऊ इडली सांबारऐवजी पातळ वरणात भिजवून, असे पदार्थ दुसऱ्या बाजूने खाता येतात. मऊ पोळीचा कडक पापुद्रा काढून टाकावा. थुली हा आपल्या माळव्यातला पौष्टिक पदार्थ या टप्प्यावर हवासा वाटतो, पण दलियाचा कोंडा सुटून जखमेत जातो. ती दुधात गळेपर्यंत शिजवून मिक्सरमधून काढली तर चालेल, नुसती तुपात मोकळी केलेली आठवडाभर नको.

विरघळणारे टाके साधारण ७ ते १० दिवसांत गळतात. अर्धवट सुटलेला धागा जिभेला लागतो तेव्हा तो ओढण्याची फार इच्छा होते, ओढू नये. वरची जखम मिटायला दोन-तीन आठवडे आणि आतले हाड भरायला काही महिने लागतात. म्हणून दुखणे थांबले याचा अर्थ कुरकुरीत पदार्थांना परवानगी मिळाली असा नव्हे.

७. इंदूरमध्ये राहणाऱ्यांसाठी काही खास सापळे

हे शहर खाण्याच्या बाबतीत रुग्णावर दया करणारे नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण हातात काहीतरी घेऊन येतो आणि ‘हे मऊ आहे, खा’ असे म्हणतो. त्यांतले कोणते खरोखर मऊ आहे ते पाहू.

इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले असल्यामुळे मऊ असतात, हे खरे. पण त्यावर शेव, बुंदी, डाळिंबाचे दाणे, कच्चा कांदा आणि जीरावण हा चटपटीत मसाला असतो. शेव काढून टाकली तरी पोह्याचा चपटा कण हिरडीच्या कडेला चिकटतो आणि जीरावण झोंबते. दहा दिवस तरी पोहे नकोत, सोबतची जिलबीही नको. तिचा कडक कडा टोचतो.

सराफ्यातील (रात्रीच्या खाऊबाजारातील) साबुदाण्याच्या खिचडीत शेव आणि मसाला असतो, शेंगदाणेही येतात, आणि नुसता साबुदाणा घेतला तरी तो चिकट गोळा होऊन दातांच्या फटीत बसतो. भुट्ट्याचा किस दुधात शिजवलेला असल्यामुळे निरुपद्रवी वाटतो. त्यात मक्याच्या दाण्यांची पातळ साले, मोहरी आणि हिरवी मिरची असते. मला स्वतःला याचा मोह आवरणे सर्वांत कठीण गेले. दहाव्या दिवसानंतर घरी, कोवळ्या कणसाचा, मिक्सरमध्ये बारीक वाटून आणि फोडणी गाळून केलेला किस खाता येतो.

इंदूरची शिकंजी ही दाट दुधाची असते आणि तिच्यात सुक्या मेव्याचे तुकडे असतात. ती गाळून, स्ट्रॉशिवाय घेतली तर चालते. थंडाईत खसखस वाटलेली असते, ती टाळावी. रबडी साधी असेल तर उत्तम, पिस्त्याचे काप काढून टाकावेत. दाल-बाफल्यातली डाळ तिखट नसेल तर दुसऱ्या आठवड्यात घ्यावी, बाफला मात्र तुपात कितीही चुरला तरी त्याच्या वरच्या कडक भागाचे कण उरतातच. कचोरी, खोपरा पॅटिस, गराडू आणि सर्व नमकीन यांच्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही.

जेवणानंतर पान खाण्याची सवय असेल तर ती आठवडाभर पूर्ण सोडावी. सुपारीचा कण खड्ड्यात गेला तर तो निघता निघत नाही आणि तंबाखू व सिगारेटमुळे ड्राय सॉकेटचा धोका स्पष्टपणे वाढतो.

८. खाल्ल्यानंतर तोंड कसे स्वच्छ करावे

पहिले २४ तास चूळ भरू नये. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपण्यापूर्वी ते पाणी तोंडात घ्यावे, मान हळूच दोन्ही बाजूंना कलती करावी आणि वाकून पाणी बेसिनमध्ये आपोआप पडू द्यावे. खळखळून चूळ भरणे आणि जोरात थुंकणे, दोन्ही टाळावे. इतर दात मऊ ब्रशने नेहमीप्रमाणे घासावेत, जखमेजवळ ब्रश नेऊ नये.

अन्नकण अडकला तर टाचणी, दात कोरण्याची काडी किंवा बोट अजिबात घालू नका. काही दंतवैद्य चार-पाच दिवसांनी वाकड्या टोकाची सिरींज देऊन खड्डा पाण्याने हलकेच धुण्यास सांगतात. दिली नसेल तर विचारून घ्या. खड्ड्यात दिसणारा पांढरट-पिवळा थर बहुधा भरून येणाऱ्या जखमेचाच भाग असतो. तो अन्न किंवा पू समजून खरवडू नये.

९. औषधे आणि जेवण यांचा मेळ

मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिले असेल तर तोंडाला धातूसारखी कडवट चव येते आणि सगळेच पदार्थ बिघडल्यासारखे वाटतात. स्वयंपाक करणाऱ्याला दोष देण्यापूर्वी चिठ्ठी पाहावी. हे औषध चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस मद्य घेऊ नये. डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके दुधासोबत नीट शोषली जात नाहीत. आहारात दूधच मुख्य असल्यामुळे गोळी आणि दूध यांत किती अंतर ठेवायचे ते औषध घेतानाच दुकानदाराला विचारा. प्रतिजैविकांनी पोट बिघडल्यास ताजे ताक आणि मऊ भात बहुतेकांना मानवतो.

१०. कधी आहार सोडून दंतवैद्यांकडे जावे

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कमी होत आलेली कळ अचानक वाढून कानाकडे जाऊ लागली आणि तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तर ते ड्राय सॉकेट असू शकते. घरगुती उपाय न करता दाखवावे. दंतवैद्य खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी भरतात आणि कळ बहुधा लवकरच उतरते. तिसऱ्या दिवसानंतर सूज कमी होण्याऐवजी वाढणे, ताप येणे, टाक्यांतून पू येणे किंवा ओठ-जिभेचा बधिरपणा दुसऱ्या दिवशीही तसाच राहणे, यांसाठीही त्याच दिवशी फोन करावा.

लाळेत थोडा लालसरपणा पहिल्या दिवशी असतोच. तोंड भरून ताजे रक्त येत असेल, तर बसून राहावे, ओली केलेली गॉजची घडी जखमेवर ठेवून अर्धा तास दाताखाली घट्ट दाबावी आणि त्या वेळात काही खाऊ-पिऊ नये. तरीही रक्त थांबले नाही, किंवा गिळायला अथवा श्वास घ्यायला अडचण वाटू लागली, तर दवाखाना उघडण्याची वाट न पाहता रात्रीही चालू असणाऱ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे आणि जाताना औषधांची चिठ्ठी सोबत घ्यावी.